बांगडी, सुतळी आणि भाकरी

(द्वितीय वर्ष, कला)

वर्तुळ म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना कंपासपेटी आठवते. कर्कटकाचे टोक कागदात रोवायचे, पेन्सिल फिरवायची आणि नेमका अखेरच्या क्षणी स्क्रू ढिला होऊन रेषेच्या दोन टोकांनी एकमेकांना चुकवायचे, हा अनुभव कोणाला नवा नाही. त्यापलीकडे वर्तुळाशी आपला संबंध आला तो शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटला बसलेल्या वाचकांना संकल्पचित्राचा पेपर आठवत असेल. ठरलेल्या मापाचा आकार आखायचा, त्यात पाने-फुले बसवायची आणि रंग रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही.

प्रस्तुत लेखात मला वर्तुळावर आधारलेले, शाळेत व घरी करता येण्याजोगे काही चित्रकलेचे आणि हस्तकलेचे उद्योग सांगावयाचे आहेत. त्यांत मी शोधून काढलेले फारसे काही नाही. पण हे उद्योग कोणाच्या हातून शिकावेत याविषयी माझे एक मत झाले आहे, ते ओघाने येईलच.

निमित्त आहे आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराचे. सकाळी बंधाऱ्याचे काम आणि दुपारी गावातल्या शाळेत मुलांसाठी एक तास, असा सात दिवसांचा कार्यक्रम होता. तिसरी ते पाचवीची तीस मुले माझ्या वाट्याला आली. विषय मीच निवडला होता, 'वर्तुळ'. पहिल्या दिवशी कर्कटक कोणाकोणाकडे आहे असे विचारले, तेव्हा चार हात वर झाले. त्यांतल्या एका कर्कटकाला पेन्सिल अडकवायची कडीच नव्हती.

याच सुमारास माझा धाकटा भाऊ त्याच्या शाळेसाठी 'प्रकल्प' करीत होता. शाळेचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण ही गोष्ट एका शाळेची नाही. रंगीत कार्डशीट, चमकी, चिकट टेप, गोल कापलेले तयार पुठ्ठे अशी यादी घरी आली. तालुक्याच्या दुकानात असे प्रकल्प तयारही मिळतात. मागे नाव घालायची तेवढी जागा कोरी असते. आईच्या एका दिवसाच्या खुरपणीच्या मजुरीतला निम्मा भाग त्या यादीत गेला. भावाला गुण चांगले पडले. आई मात्र तो प्रकल्प हातात घेऊन म्हणाली, "ह्यात पोरानं केलं काय?" आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे अशा प्रश्नांची उत्तरे देणे हे माझे काम समजले जाते. या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. म्हणून शिबिरात एक पैसाही खर्च होणार नाही अशाच गोष्टी करायच्या, असे मी ठरवून टाकले.

सुरुवात बांगड्यांपासून केली. मुलांना घरून एक बांगडी, एक वाटी आणि एखाद्या डब्याचे झाकण आणायला सांगितले. किराणा दुकानातल्या खाकी कागदावर या वस्तू ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची. वर्तुळे सुटी सुटी न काढता ती एकमेकांवर चढू द्यायची. पाच-सहा वर्तुळे झाली की मध्ये पानांचे, चंद्रकोरींचे, माशांचे आकार आपोआप तयार होतात. आता रंगवायचे, पण एका अटीवर : ज्या दोन तुकड्यांची कड सामाईक आहे, त्यांना एकच रंग द्यायचा नाही. मुले लगेच विचारतात, "मग किती रंग लागतील?" उत्तर असे की दोन पुरतात. वर्तुळे पाच असोत की पन्नास.

याचे कारण समजावून सांगणे सोपे आहे. कोणत्याही तुकड्यावर बोट ठेवा आणि तो किती वर्तुळांच्या आत आहे ते मोजा. संख्या विषम आली तर एक रंग, सम आली किंवा शून्य आले तर दुसरा. रेषा ओलांडून शेजारच्या तुकड्यात गेलो की आपण एका वर्तुळात शिरतो किंवा एकातून बाहेर पडतो. म्हणजे संख्या एकाने बदलते, विषमची सम होते, समची विषम. शेजाऱ्याचा रंग वेगळा येणारच. चौथीतल्या एका मुलाला हे पटले नाही. त्याने मुद्दाम अकरा वर्तुळे एकमेकांत गुंतवली आणि अर्धा तास रंगवीत बसला. शेवटी तो कागद त्याने माझ्यासमोर आणून ठेवला आणि काही न बोलता निघून गेला.

रंगांचीही सोय घरातच होती. सगळा कागद आधी हळदीच्या दाट पाण्याने पिवळा करून वाळवायचा. मग विषम तुकड्यांवर कपडे धुण्याच्या साबणाचे पाणी काडीला गुंडाळलेल्या कापसाने फिरवायचे. पिवळ्याचा तांबडा होतो. हळदीचा डाग पडलेले कापड साबणाने धुताना लाल होते हे प्रत्येक मुलीने पाहिलेले असते. त्याचा चित्रासाठी उपयोग होईल असे मात्र कोणी सांगितलेले नसते. चुन्याच्या निवळीनेही हेच होते, परंतु चुना डोळ्यात जाण्याची भीती असल्याने लहान मुलांच्या हाती तो देऊ नये.

बांगडीने काढलेल्या वर्तुळात एक उणीव राहते. त्याचा मध्य कोठे आहे हे आपल्याला कळत नाही. येथून सुतळीचे काम सुरू होते. खिळ्याला सुतळी बांधायची, दुसऱ्या टोकाला कोळसा, आणि सुतळी ताणून धरीत फिरायचे. भूमितीतली व्याख्या हीच, केंद्रापासून समान अंतरावर असलेल्या बिंदूंची. शाळेच्या फरशीवर दोघा-दोघांनी मिळून हे केले. एकाने खिळा धरायचा, दुसऱ्याने फिरायचे, आणि सुतळी सैल पडली की लगेच भांडण.

वर्तुळ झाल्यावर तीच सुतळी, लांबी न बदलता, परिघावर टप्प्याटप्प्याने टाकीत जायची. बरोबर सहा टप्पे पडतात आणि सहाव्याला आपण निघालो तेथेच येतो. त्रिज्येएवढी जीवा घेतली की केंद्राशी समभुज त्रिकोण होतो, त्याचा कोन साठ अंशांचा, आणि असे सहा मिळून तीनशे साठ. त्या सहा खुणांवर खिळा ठेवून कंस काढले की सहा पाकळ्यांचे फूल उमटते. हे फूल आपण सर्वांनी वहीच्या मागच्या पानावर काढलेले आहे. फरशीवर दीड-दोन मीटरचे काढले की त्याची शोभा काही वेगळीच दिसते.

येथे आजोबांविषयी थोडे लिहिले पाहिजे. माझे आजोबा सुतार. बैलगाडीची लाकडी चाके करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. पुढे गाड्यांना रबरी टायर आले आणि ते काम संपले. ते तिसरीपर्यंत शिकलेले. मी दहावीत असताना 'अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो' हे प्रमेय मोठ्याने पाठ करीत होते. अर्थ विचारला आणि मी आकृती काढून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "ही तर आमच्या गुण्याची गोष्ट हाय की." गोल लाकडाचा मध्य काढायचा असला की सुतार गुण्याचा कोपरा कडेला टेकवतो. गुण्याच्या दोन बाजू कडेला जेथे छेदतात त्या खुणा जोडल्या की व्यास मिळतो. दुसऱ्या जागी कोपरा टेकवून पुन्हा तेच केले की दोन व्यास जेथे एकमेकांना छेदतात तो मध्य. मुलांना गुण्याच्या ऐवजी पुस्तकाचा कोपरा पुरतो. बांगडीने काढलेल्या वर्तुळाचा हरवलेला मध्य आम्ही असाच शोधला, आणि मग त्या वर्तुळांतही फुले उमटली.

चाकाच्या लोखंडी धावेची गोष्टही मुलांना फार आवडली. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. ती तापवली की फुगते, तशीच लाल असताना चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. आकसताना ती सगळे लाकूड आवळून घेते. धावेसाठी पट्टी किती लांब घ्यायची? चाकावर खूण करून ते जमिनीवर एक पूर्ण फेरा चालवायचे, म्हणजे परिघ मिळतो. मुलांनी झाकणे अशीच चालवली आणि तेवढ्या लांबीच्या कागदी पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीवर त्या त्या झाकणाचा व्यास टाकीत गेले तर तीन वेळा पूर्ण बसतो आणि सातव्या हिश्श्याएवढा तुकडा उरतो. झाकण लहान असो की मोठे. आर्यभटाने इ. स. 499 मध्ये रचलेल्या 'आर्यभटीया'त वीस हजार व्यासाला 62832 परिघ सांगितला आहे, म्हणजे 3.1416. आजोबांना हा आकडा ठाऊक नव्हता. 'तीन आणि वर थोडं' हे मात्र होते. पट्ट्या वाया गेल्या नाहीत, त्यांच्या कड्या करून वर्गात साखळ्या लावल्या.

कागदाच्या घड्यांचा उद्योग घरी करायला सर्वांत सोयीचा, कारण त्यात कात्रीही एकदाच लागते. ताटलीएवढे वर्तुळ कापावे. दोनदा अर्धी घडी घालून उघडावे. घड्या छेदतात ते केंद्र. आता कडेचा भाग आत असा दुमडावा की कड नेमकी केंद्राला टेकेल. त्या घडीच्या एका टोकापासून सुरुवात करून दुसरा भाग तसाच दुमडावा, मग तिसरा. हातात समभुज त्रिकोण येतो. त्याचा एकेक कोपरा समोरच्या बाजूच्या मध्यावर टेकवून घडी मोडून घ्यावी, म्हणजे आत चार सारखे त्रिकोण दिसतात. तिन्ही कोपरे वर उचलून एकत्र आणले की चतुष्फलक उभा राहतो. सपाट वर्तुळातून हे टोकदार खोपटे निघाले तेव्हा मुलांनी ते उलगडून पुन्हा वर्तुळ होते ना याची खात्री करून घेतली. मला ती शंका अगदी रास्त वाटली.

आता तिसऱ्या प्रकाराकडे येते. बांगडी ठेवून किंवा सुतळीने मापून काढलेले वर्तुळ शाळेला मान्य आहे. पण आपल्या घरात जी वर्तुळे रोज होतात, ती या दोन्ही मार्गांनी होत नाहीत. आईला मी एकदा विचारले की भाकरी इतकी गोल कशी काढतेस. ती म्हणाली, "ह्यात काय काढायचं असतंय? थापत ऱ्हायचं, फिरवत ऱ्हायचं. गोल आपसूक हुतंय."

मी हे वाक्य शिबिरात गृहपाठ म्हणून दिले. घरी चुलीपाशी बसा आणि भाकरी कशी गोल होते ते पाहून या. दुसऱ्या दिवशी भाकरी किती वेळा फिरते याचा प्रत्येकाचा आकडा वेगळा आला, पण एक गोष्ट बहुतेकांनी सांगितली. हात एकाच जागी पडतो. फिरते ती भाकरी. कुंभाराच्या चाकाचे तत्त्व याहून वेगळे नाही. कुंभाराचा हात स्थिर असतो, माती फिरते, आणि प्रत्येक भागावर सारख्याच अंतरावर सारखाच दाब पडतो. येथे मध्य कोणी मोजीत नाही, तरी तो सापडतो.

ओळखीचे झाल्यावर आम्ही काळ्या मातीचा गोळा एका पालथ्या ताटलीवर ठेवला. डाव्या हाताने ताटली फिरवायची आणि उजव्या हाताचा अंगठा गोळ्यात दाबून धरायचा. चार-पाच फेऱ्यांत वाटीचा आकार येतो. ज्यांचा अंगठा हलला त्यांची वाटी कलली. कोणी न सांगता त्यांना कारण कळले. काहींनी मातीच्या लांब वळ्या करून त्या चुंबळीसारख्या एकावर एक रचल्या आणि भांडी केली. मुली यात मुलांच्या पुढे होत्या. चुंबळ त्यांच्या रोजच्या हातातली.

फिरण्याचा आणखी एक खेळ म्हणजे पुठ्ठ्याची भिंगरी. तळहाताएवढी तबकडी कापून मध्याच्या दोन बाजूंना दोन भोके पाडावीत, त्यांतून दोरा ओवून गाठ मारावी, पीळ देऊन दोन्ही हातांनी ओढावे आणि सैल सोडावे. तबकडीवर एकच ठिपका दिला तर फिरताना डोळ्याला पूर्ण वर्तुळ दिसते. होळीत पेटती काडी गरगर फिरवली की जे अग्नीचे कडे दिसते, त्याचे नाव अलातचक्र. गौडपादांच्या मांडूक्यकारिकांतील चौथ्या प्रकरणाचे 'अलातशांती' हे नाव त्यावरूनच आलेले आहे. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी क्षमा करावी, मी मुलांना फक्त भिंगरीच सांगितली. न्यूटनने 1704 च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात सात रंग एका वर्तुळात मांडून दाखवले होते. तशी सात रंगांची तबकडी फिरवली तर पुस्तकात लिहिल्याप्रमाणे शुभ्र पांढरा रंग दिसत नाही, राखट दिसतो, कारण प्रत्येक रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भागच परत पाठवतो. शिक्षकांनी हे आधीच सांगून टाकावे, म्हणजे मुले खोटे पांढरे पाहत नाहीत.

वर्तुळ ज्यांच्या केंद्रस्थानी आहे अशा महाराष्ट्रातल्या दोन कलांची चित्रे मी सोबत नेली होती. पहिली वारली. हल्ली माठांवर, पिशव्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर वारली आकृत्यांची किनार सर्रास दिसते आणि शाळांतूनही तीच किनार उतरवून घेतात. मला हे फारसे पसंत नाही. वारली चित्रातला त्रिकोण डोंगराचा आणि झाडाच्या शेंड्याचा, वर्तुळ सूर्य-चंद्राचे, आणि चौकोन म्हणजे लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात तो देवीचा चौक, असे सांगतात. ज्यांनी हे चित्र लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणले आणि जगभर नेले, त्या डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांचे नाव (त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते वारले) किनार उतरवणाऱ्या किती वर्गांत घेतले जाते? मी मुलांना तारपा नाचाचे चित्र दाखवले. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती हातात हात गुंफलेल्या माणसांचे वेटोळे. वादकाकडे कोणी पाठ करीत नाही, तो वळेल तसे वेटोळे वळते. ते चित्र उतरवून घेण्याऐवजी, आपल्या गावात लोक कशाभोवती जमतात ते काढा, असे सांगितले. पाण्याचा टँकर सर्वांत जास्त जणांनी काढला. आमच्या माणदेशाला हे शोभणारेच.

दुसरी कला सावंतवाडीची गंजिफा. पत्ते म्हणजे चौकोनीच असतात असे समजणाऱ्या मुलांना गोल पत्ते पाहून हसू आले. दशावतारी गंजिफात 120 पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात राजा, प्रधान व एक ते दहा असे बारा. आम्ही आमच्या गावाची गंजिफा केली, तीस मुलांचे तीस पत्ते. रंग मुलांनीच ठरवले : मेंढी, विहीर, कणीस, चूल आणि एस. टी. प्रत्येकी सहा पत्ते. जुने कागद एकावर एक चिकटवून पुठ्ठा केला. खळ चिंचोक्यांची. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून वाटायचे आणि पाणी घालून शिजवायचे. ती बाजारच्या डिंकापेक्षा घट्ट धरते आणि तिला वास येत नाही. एस. टी.च्या राजावर चालक असावा की वाहक, यावर बराच वाद झाला. अखेर वाहक प्रधान झाला.

समारोपाच्या दिवशी मैदानावर एक मोठे वर्तुळ आखायचे ठरले. तीस मुलांनी हात धरून उभे राहायचे. प्रत्येकाला सव्वा मीटर जागा धरली तर परिघ साडेसदतीस मीटर, आणि त्रिज्या सुमारे सहा. पाचवीच्या मुलांनी हे गणित फळ्यावर केले, खुंटी ठोकली, सहा मीटर सुतळी मोजली आणि चुन्याची रेघ ओढली. मुले बरोबर मावली. पाहुणे यायला उशीर होता. पाहायला आलेल्या बायांपैकी कोणीतरी हादग्याचा फेर सुरू केला, हादग्याचा महिना कधीच उलटून गेला होता तरी. दोन मुलांचे हात सोडवून एक बाई आत शिरली, मग तिची जाऊ, मग आणखी चौघी. फेर चुन्याच्या रेघेबाहेर गेला. नवी त्रिज्या काढावी म्हणून मी माणसे मोजायला लागले. पण दर फेऱ्याला कोणीतरी नवे हात धरून आत येत होते, आणि शेवटी माझाही हात कोणीतरी धरला.